ताईचं बाळंतपण

शेजारून ओव्याच्या धुरीचा वास आला की मला अजून मळमळतं. ताई पहिल्या बाळंतपणाला आमच्या गारखेड्यातल्या घरी आली होती. बारशाच्या दिवशी धुरीनं कोंदलेल्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. कित्येक दिवस तिला झोप नव्हती, घास उतरत नव्हता, बाळाकडे ती बघतही नव्हती. पैठणहून आलेली तिची सासू आणि चुलतसासू उशाशी बसून बुंदीचे लाडू खात होत्या.

"लई नखरे बाई हिचे," चुलतसासू भरल्या तोंडानं हसली. "आम्ही काय लेकरं जन्माला घातली नाय व्हय?" लाडवाचे ओले कण ताईच्या केसांत पडले. आठवलं की आजही किळस येते.

तेवढ्यात ताई पुटपुटली, "मी मेले तर लेकराचं बरंच होईल."

त्या दोघी खातच राहिल्या. आईनं मात्र हातातलं ताट खाली ठेवलं, पाहुण्यांना तसंच सोडलं आणि रिक्षा करून ताईला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. "बाळंतपणानंतरचं नैराश्य आहे. उपचारानं बरं होतं," तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. या आजाराला नाव असतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

गोळ्या लागू पडायला काही आठवडे गेले. मग एका सकाळी बाळ रडलं, तशी ताई उठून बसली आणि मला म्हणाली, "आण त्याला इकडं."