दिवसा झोपणाऱ्याची खोली

लग्न झालं त्या वर्षी माझ्या नवऱ्याला खराडीत नोकरी लागली. अमेरिकेत कुणाचा संगणक अडला की त्याचा फोन खराडीत यायचा आणि हा इथून त्यांना वाट दाखवायचा. तिकडचा दिवस म्हणजे आपली रात्र. संध्याकाळी कंपनीची गाडी त्याला घेऊन जायची आणि सकाळी, मी डबा भरत असताना, आणून सोडायची. मी नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. आम्ही दोघंही नागपूरची. पुण्यात आमचं कुणी नव्हतं.

घर मिळायला वेळ लागला. दोन ठिकाणी सगळं ठरत आलं होतं. मग आडनाव विचारलं गेलं आणि ते घर अचानक कुणाच्या तरी भाचीला द्यायचं ठरलं. आम्ही बौद्ध. तिसरे घरमालक नारायण पेठेतलेच होते. सरकारी खात्यात नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. आता ते दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहत होते आणि त्यांच्या डोक्यावरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या. त्यांनीही आडनाव विचारलं. नवऱ्याने सांगितलं आणि आम्ही दोघं सतरंजीच्या कडेकडे बघत बसलो.

"पाणी पहाटे येतं," ते म्हणाले. "उठता का?"

"उठू," मी म्हणाले.

"मग सामान आणा. भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत."

एवढंच बोलणं झालं. त्या दिवशी जिना उतरताना नवऱ्याने माझा हात धरला. भर पेठेत, भर दुपारी. तो असं कधी करत नसे.

घर छान होतं, पण आतल्या खोलीला पश्चिमेकडे मोठी खिडकी होती. समोर एक पत्र्याचं छप्पर. सकाळी त्या पत्र्यावरून उजेड आत यायचा आणि दुपारनंतर सूर्य स्वतः यायचा. नेमका तोच वेळ नवऱ्याच्या झोपेचा. थंडीत कसंबसं निभावलं. फेब्रुवारी संपता संपता खोली तापायला लागली. तो डोळ्यांवर टॉवेल टाकून पडायचा, तासाभराने उठून बाहेरच्या खोलीत यायचा, तिथे भांडीवाल्याची आरोळी ऐकू यायची, की परत आत.

मी माझ्या परीने उपाय केला. छापखान्यात वाया गेलेले मोठे कागद पडलेले असत. ते मागून आणले आणि खळ करून काचांना चिकटवले. भूगोलाच्या कुठल्याशा पुस्तकाची पानं होती ती. उजेड जेमतेम कमी झाला आणि नवरा उताणा पडून महाराष्ट्रातल्या नद्या वाचत बसायला लागला. दुसऱ्या दिवशी घरमालक जिन्यात भेटले.

"खिडक्यांना कागद लागलेले दिसतात. घर सोडताय? महिनाभर आधी सांगावं लागतं."

मी वर जाऊन कागद खरवडून काढले.

त्याचे डोळे सतत लाल असत. जेवताना घास हातात धरून पेंगायचा. साध्या गोष्टीवरून आमचं वाजायला लागलं. एक दिवस तो म्हणाला, "मी नोकरी सोडू का?" तेव्हा मला भीती वाटली. मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून नागपूरला सासूबाईंना फोन केला. त्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. लग्नानंतर आम्ही जेमतेम आठवडाभर एकत्र राहिलो होतो आणि त्यांच्या कमी बोलण्याचा मला धाक वाटायचा.

मी सगळं सांगितलं. पलीकडून विचारणा झाली, "खिडकी कोणत्या बाजूला आहे?"

"पश्चिमेला."

"येते मी," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

होळी झाल्यावर त्या आल्या. बरोबर एक पत्र्याची पेटी आणि एक पोतं. पोत्यात वाळा होता. नागपुरात उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याची ताटी लावतात. बांबूच्या कामट्यांच्या चौकटीत वाळ्याची मुळं भरायची, वर पाणी शिंपडायचं, की येणारा वारा गार होऊन आत येतो. हे मला ठाऊक होतं. पुण्यात कुणी ते करेल असं डोक्यात आलं नव्हतं.

पहिल्या दुपारी त्यांनी मुलाला बाहेरच्या खोलीत पाठवलं आणि स्वतः त्याच्या गादीवर जाऊन पडल्या. मला वाटलं, प्रवासाने थकल्या असतील. पण त्या डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या. कधी या कुशीवर, कधी त्या कुशीवर. उजेड कुठून कुठून येतो ते बघत होत्या. उठल्यावर म्हणाल्या, "झडपेतून येते, दाराखालून येते, अन् त्या आरशातून येते. आरसा पहिले काढ."

मग त्यांनी पेटी उघडली. आत नोकरीतल्या पांढऱ्या सुती साड्या होत्या, घडी घालून ठेवलेल्या. विहारात नेसायला त्यांनी दोन बाजूला काढल्या. बाकीच्या माझ्या पुढ्यात ठेवल्या.

"याचे पडदे करू. दुहेरी."

"आई, या तुमच्या नोकरीतल्या ना? ठेवा की आठवण म्हणून."

"आठवण काय साडीत असते? सुती आहेत, रंग चांगला धरतील."

आम्ही गच्चीवर स्टोव्ह नेला. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात गडद निळा रंग आणि मूठभर मीठ टाकलं. सासूबाई काठीने ढवळत होत्या, मी एकेक साडी सोडत होते. पांढरं कापड आत जाताना आधी फुगायचं, मग हळूच बसायचं. त्या मध्येच बोलायला लागल्या. कुठली साडी कुठल्या वॉर्डातली हे त्यांना आठवत होतं. प्रसूतीच्या वॉर्डात रात्रपाळी करून घरी आल्यावर हा, माझा नवरा, लहान असताना त्यांना झोपू द्यायचा नाही, पापण्या बोटांनी उघडायचा, असं सांगून त्या हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. दिवसा झोपायला लागणं म्हणजे काय असतं, हे त्यांच्याइतकं त्या घरात कुणाला कळणार होतं?

साड्या पिळून दोरीवर घातल्या. आमची पिळण्याची ताकद कमी पडली असावी. संध्याकाळी दार वाजलं. घरमालक उभे होते, हातात त्यांचा बनियन. त्यावर निळे थेंब.

"होळी झाली असं कॅलेंडरात आहे," ते म्हणाले. "माझंच कॅलेंडर चुकत असेल."

सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी बनियन हातात घेऊन उजेडात धरला.

"द्या इकडे. पाणी गरम आहे अजून. पूर्ण निळा करून देते."

"खाली आणखी दोन आहेत," ते म्हणाले. "जुने झालेत. तेही करता का?"

पुढचा सगळा उन्हाळा आमचे घरमालक निळा बनियन घालून गॅलरीत बसलेले पेठेने पाहिले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "नवीन फॅशन आहे. तुमच्यापर्यंत पोचली नसेल."

बांबू आणायला आम्ही दोघी चालत कसब्यातल्या बुरूड आळीत गेलो. एका बाईंनी आम्हाला कामट्या तासून दिल्या आणि सासूबाईंना नागपूरच्या टोपल्यांचा आकार कसा असतो ते विचारून घेतलं. येताना रसवंतीवर आलं-लिंबू घातलेला उसाचा रस प्यायलो. सासूबाईंना तो इतका आवडला की त्यांनी आणखी एक ग्लास मागितला. भिंतीला खिळा चालणार नव्हता, म्हणून पडद्याचा बांबू आम्ही खिडकीच्या गजांना सुतळीने बांधला. दाराखालच्या फटीसाठी उरलेल्या साडीची लांब उशी शिवून तिच्यात भुसा भरला. ताटी बाहेरून लावली.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. नवरा सकाळी येऊन आत गेला आणि दार लागलं. आम्ही दोघी बाहेर बसून होतो. दुपार झाली. वारा सुटला तसा वाळ्याचा वास दाराच्या चौकटीतून आमच्यापर्यंत यायला लागला. मी दोनदा उठून कानोसा घेतला. सासूबाईंनी मला हाताने खाली बसवलं. "झोपून राहिला तो. बस."

तो उठला तेव्हा दिवेलागणीची वेळ होत आली होती. दारात येऊन उभा राहिला, गालावर उशीचे वळ.

"सकाळ झाली का?" त्याने विचारलं.

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्या चहा टाकायला गेल्या.

तो उन्हाळा मी सुखाचा म्हणून मनात ठेवला आहे. छापखान्यातून मी दुपारी घरी यायची. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघी कुजबुजत बोलायचो. जोरात बोलायचंच नाही असा नियम, त्यामुळे भांडणसुद्धा शक्य नव्हतं. कैऱ्या उकडून पन्हं व्हायचं. माठात वाळ्याची जुडी असायची. मंडईतून शेवटच्या शेवटच्या द्राक्षांचे घड यायचे, मग आंबे. गच्चीवर आम्ही सकाळीच कुरडया घालायचो आणि त्यांचा ओला चीक वाटीत घेऊन तेल-मीठ लावून खायचो. घरात नवं काही विकत आणलं नव्हतं, तरी घर नटत गेलं. रंग उरला होता, त्यात जुन्या उशांचे अभ्रे बुडवले. कामट्यांचं एक फडताळ झालं. घरमालकांची वाटी पन्हं घेऊन खाली जायची आणि रिकामी कधी वर आली नाही.

पडद्याने उजेड अडला, आवाज नाही. आमच्या जिन्यात दिवसभर कुणी ना कुणी हाका मारत असे. मी एकदा बोलता बोलता हे घरमालकांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी नकाशावर असतात तशा सुबक अक्षरांत पाटी लागली होती: "तिसऱ्या मजल्यावर रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो. हाका मारू नयेत. भांडायचे असल्यास रस्ता रुंद आहे." त्याच दिवसापासून त्यांचा स्वतःचा रेडिओही आम्हाला ऐकू येईनासा झाला. मी आभार मानायला गेले तर म्हणाले, "रेडिओवर ऐकण्यासारखं काही नसतंच."

वैशाख पौर्णिमा जवळ आली. नागपूरला घराघरांवर पांढरे कंदील लागतात. इथे लावावेत की नाहीत, आम्ही ठरवू शकत नव्हतो. इतके दिवस सगळं नीट चाललं होतं, ते बिघडायला नको असं मला वाटायचं. सासूबाई म्हणाल्या, "आपला सण आहे. त्यात लपवायचं काय?" छापखान्यातले कोरे पांढरे कागद आणि उरलेल्या कामट्या घेऊन आम्ही गच्चीत बसलो. घरमालक कपडे काढायला वर आले. थांबले. आमचा कंदील त्यांनी हातात घेऊन फिरवला.

"कशासाठी चाललंय हे?"

"पौर्णिमेसाठी. बुद्धजयंती," मी म्हणाले.

"ते मला माहीत आहे. षट्कोन करायचा होता की काय, ते विचारतोय. सगळ्या बाजू वेगवेगळ्या झाल्यात."

ते खाली जाऊन पट्टी, कंपास आणि चष्मा घेऊन आले. मग ती दोन्ही म्हातारी माणसं ऊन उतरेपर्यंत गच्चीत बसली. ते आखून द्यायचे, सासूबाई कामट्या बांधायच्या, मी कागद चिकटवायची. ते दर वेळी मोजून "चालेल" म्हणायचे. त्याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नसावी. तयार झालेल्यातला एक कंदील त्यांनी न विचारता उचलला आणि स्वतःच्या गॅलरीत टांगला. पौर्णिमेच्या संध्याकाळी सासूबाई पांढरी साडी नेसून त्यांच्या दारात खिरीची वाटी घेऊन गेल्या. त्यांनी ती उभ्या उभ्या खाल्ली आणि म्हणाले, "साखर बेताची आहे. पुण्यात शिकलात."

आम्ही तिघं त्या घरात बरीच वर्षं राहिलो. नवऱ्याला पुढे दिवसपाळी मिळाली, मुलगी झाली, आणि मग आम्ही खराडीला आलो. तेव्हा तिथे इमारतींपेक्षा शेतंच जास्त होती. घरमालक शेवटपर्यंत आमचे राहिले. ते आजारी असताना सासूबाईंनी महिनाभर त्यांच्याकडे राहून त्यांची शुश्रूषा केली, आणि औषधाच्या चवीबद्दल त्यांनी जे जे ऐकवलं ते आम्हाला घरी येऊन सांगितलं.

आता सासूबाई खूप थकल्या आहेत. थंडीत मी हरभऱ्याच्या हिरव्या जुड्या आणते. बाल्कनीतलं ऊन खुर्चीपर्यंत पोचलं की त्या बसतात. घाटे सोलताना त्यांची बोटं आंबट होतात आणि त्या लहान मुलीसारखी ती चाटतात. कालच माझी मुलगी, जी स्वतः आता नोकरी करते, त्यांच्या पायाशी येऊन बसली. सोललेले दाणे भराभर तोंडात टाकत होती.

"आजी, भाजीला उरतील का?"

"उरले तर भाजी," त्या म्हणाल्या. "खाऊन घे."