तपासायला न नेलेली बाटली

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी माझ्या भगंदराचं ऑपरेशन केलं आणि सुट्टी देताना हातात एक लहान बाटली दिली. आतून कापलेला तुकडा होता तिच्यात. "लॅबमध्ये द्या, रिपोर्ट घेऊन या," म्हणाले. मी ती बसस्टँडवरच्या कचरापेटीत टाकली.

त्याआधी त्यांनी विचारलंही होतं, "पूर्वी कधी टीबी?" बायको शेजारी बसली होती. मी "नाही" म्हणालो. लग्न ठरायच्या सुमारास मला छातीचा टीबी झाला होता. खोकला थांबला तशा दोन महिन्यांत गोळ्या सोडून दिल्या. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि त्या रिपोर्टात तेच निघेल याची मला धास्ती होती.

मी अकोला-अमरावती बस चालवतो. काही महिन्यांत जखम पुन्हा वाहू लागली. गुदद्वाराजवळच्या छिद्रातून पू यायचा, आणि मी हवा भरलेल्या रबरी चकतीवर बसून गाडी चालवायचो. कंडक्टर म्हणायचा, "काहो राजे, सिंहासन आनलं काय?" डेपोत मी सगळ्यांना एकच सांगितलं, त्या अकोल्याच्या डॉक्टरनं ऑपरेशन बिघडवलं. माझ्या शब्दावर दोघं-तिघं त्यांच्याकडे जायचे थांबले.

शेवटी अमरावतीला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा तुकडा काढला, पण बाटली नर्सच्या हाती दिली. पू वेगळा तपासला, छातीचा फोटो काढला. टीबीच निघाला.

"म्हणजे खरंच तिथंही होतो?" मी विचारलं.

"होतो. अन् नुसतं कापून बरा होत नाही, गोळ्याच लागतात. आधी कधी झाला होता?"

त्या दिवशी बायको बाहेर बसली होती. मी "हो" म्हणालो.

घरच्यांचीही तपासणी करा म्हणाले, म्हणून तिला जुन्या टीबीचं सांगावंच लागलं; बाटलीचं नाही. ती भाकरी थापत होती.

"येवढे वर्स एका ताटात जेवलो आपन, अन् आता सांगून रायले? कावून लपवलं?"

"तू नाही म्हनशीन म्हनून."

"मंग आता म्हनू काय?"

तिच्या तपासणीत काही निघालं नाही. माझ्या गोळ्या सुरू झाल्या तशी ती रोज सकाळी पेला घेऊन समोर उभी. "आ करा. जीभ वर करा." गोळी गिळलेली पाहिल्याशिवाय हलायची नाही.

मागे अर्धवट सोडलेली औषधं अजून लागू पडतात का, तेही तपासून घेतलं होतं. लागू पडत होती. सहा महिने लघवी केशरी, तोंडाला चव नाही, गाडी चालवताना अमरावतीजवळचं बडनेरा येईपर्यंत मळमळ. पण एक गोळी चुकली नाही. चौथ्या महिन्यात पू थांबला, पुढे छिद्रही बुजलं. आयुष्यात मी शेवटपर्यंत नेलेलं सगळ्यात मोठं काम हेच, आणि ते सांगताना मला संकोच वाटत नाही. टीबी बरा झाला म्हणत चकती डेपोत सगळ्यांदेखत खुंटीला टांगली.

"तुले टीबी झालता कुठं गा?" एकानं विचारलं.

"बसाच्या जागी," मी मोठ्यानं सांगितलं. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी एका ड्रायव्हरनं मला बाजूला घेतलं. "मलेबी तिथंच दुखते." त्याला अमरावतीला मीच नेलं. त्याच्या तुकड्याची बाटली लॅबपर्यंत मी दोन्ही हातांत धरून नेली. त्याला टीबी नव्हता.

अकोल्याचा तो दवाखाना माझ्या रस्त्यावरच आहे. रोज समोरून जातो. तुमची शंका बरोबर होती, बाटली मीच फेकली, हे मला त्या डॉक्टरांना सांगायचं आहे आणि मग डेपोतही. अजून सांगितलेलं नाही.