काळ्या दोरीचा दगड

किनुए-सानला त्या जुन्या जपानी बागेत चौतीस वर्षं झाली. शेवाळातलं गवत बोटांनी उपटायचं, पाइनच्या जुन्या सुया काढायच्या, हे तिचं काम. पगार बेताचाच, पण तोरा असा, की बाग उभारली सरदाराने आणि टिकवली हिने. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

नवे व्यवस्थापक हिराबायाशी साहेब आले आणि महिन्याभरात जुन्या पाइनवर त्यांचा डोळा गेला. त्याच्या आडव्या फांदीमुळे फाटकातून तळं दिसत नाही.

"पाहुणे आत आले की तळं दिसायला हवं. मंगळवारी फांदी उतरवू."

"मग त्यांना फाटकावरूनच घरी पाठवा की! चालायचं तरी कशाला?" किनुए म्हणाली. "माझ्या वडिलांनी बांबू बांधून ती मुद्दाम आडवी वाढवलीय, साहेब."

"जमाना बदललाय, किनुए-सान."



मंगळवारी ती सगळ्यांच्या आधी आली. कचेरीतून पाइनकडे जाणाऱ्या आखूड वाटेवर तिने एक दगड ठेवला. मुठीएवढा, काळ्या दोरीने चौफेर बांधलेला. जपानी बागांतली ही जुनी खूण; इकडून जाऊ नका, एवढंच तो सांगतो. लहान पोरही सहज ओलांडेल, पण ओलांडत कुणी नाही.

साहेब आले, मागे दोन करवतवाले. दगड दिसताच पाय आपोआप थबकले आणि तिघेही मुकाट्याने पाहुण्यांच्या लांबच्या वाटेला वळले. साहेब त्या वाटेने कधी गेलेच नव्हते. झुडपाआड किनुएला हसू आवरेना.

तिकडचे दगड मुद्दाम उंचसखल, म्हणून सगळे खाली मान घालून चालले. त्याच आडव्या फांदीखालून वाकून बाहेर पडले तेव्हा पायाखाली रुंद, सपाट दगड आला. तिथे माणूस मान वर करतोच. समोर अख्खं तळं होतं.

थोरल्या करवतवाल्याने टोपी काढली. साहेब मागे वळले, तर किनुए तिथे येऊन उभी होती.

"वाटेवर तो दोरीचा दगड कुणी ठेवला?"

"मी."

"मला विचारायचं तरी!"

"तुम्ही म्हणालात जमाना बदललाय. मला वाटलं, ओलांडून याल."

साहेब कसनुसं हसले. करवतवाल्यांना चहा देऊन त्यांनी परत पाठवलं. किनुए फांदीखाली बसून पुन्हा गवत उपटू लागली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच साहेब तिला मान लववून गेले.