मत न देणारे मातीतज्ज्ञ

इथं आखातात, हूरा भागातल्या चहावाल्याकडे आमच्या खेडकडचे एक मातीतज्ज्ञ सर येतात. चहा थंड करून पितात आणि कशावरही मत देत नाहीत. त्यांच्याकडे स्वतःचा परवाना नाही. परवाना असलेल्या साहेबाच्या हाताखाली माती तपासणाऱ्याला तो लागत नाही, एवढीच त्यांना सूट. बाहेर कुणाला सल्ला दिला, की सूट खलास आणि नोकरीही.

मी बागांची कामं घेणारा ठेकेदार. जनाबिया भागातल्या एका व्हिलाच्या लॉनचं काम मला मिळत होतं. मालक लॉन टिकण्याची लेखी हमी मागत होता. मी सरांना म्हणालो, "जमीन बघा आणि फक्त हो की नाही सांगा."

"साहेबांकडून रीतसर रिपोर्ट घ्या, शेठ."

"रिपोर्ट येईपर्यंत काम दुसरा नेईल! मग गाववाले असून तुमचा उपयोग काय?" मी टेबलावर हात आपटला. घाबरट माणूस, असंही म्हणालो.

ते चिडले नाहीत. शुक्रवारी सकाळी मात्र फावडं घेऊन व्हिलावर हजर झाले.

"खणायला परवाना लागत नाही ना?"

गुडघाभर खड्डा होईपर्यंत ते खणत राहिले. तळाशी पाणी झिरपलं. मी बोट बुडवून जिभेला लावलं, तर खारट समुद्रच.

"म्हणजे लॉन नको?"

"मी काही बोललो का?" म्हणत त्यांनी हात धुतले.

मी मालकाला नकार कळवला. मोठं काम हातचं गेल्याचा राग अजून आहे. पण तो सरांवर काढायचा तरी कसा? त्यांनी मला काहीच सांगितलं नव्हतं.