रंगीत बटण दाबणारे ब्रेकमास्तर

आमच्या खालच्या मजल्यावर ड्रायव्हिंग शिकवणारे एक मास्तर राहतात. शिकाऊ गाडीत शिक्षकाच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. अर्धे आयुष्य तो दाबण्यात गेल्यामुळे, समोरून काही अंगावर येतेय असे वाटले की मास्तरांचा उजवा पाय घरातल्या फरशीवरही दाबला जातो. विजेचे बिल आले की पाय खाली. साडूचा फोन आला की पाय खाली. त्यांच्या खुर्चीपुढची फरशी तेवढ्या जागी गुळगुळीत झाली आहे. खोटे वाटत असेल तर त्यांच्याकडे चहाला जाऊन बघा, फक्त साखर घरून न्या. सगळी गल्ली त्यांना ब्रेकमास्तर म्हणते. तोंडावर नुसते मास्तर.

माणूस कमालीचा सावध. रिकाम्या रस्त्यावरही दोन्हीकडे बघून ओलांडणारा. पण याच माणसाने आपले बँकेचे कार्ड उतारावर मोकळे सोडून दिले होते.

त्याचे असे झाले. मास्तरांचा फोन गाडीत समोरच्या काचेपाशी अडकवलेला असतो, नकाशा दाखवत. शिकणारा स्टिअरिंगला मिठी मारून बसलेला, समोरून ट्रक येतोय, आणि नेमकी त्याच वेळी नकाशावर एखादी चौकट उगवते. चौकटीत मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत बरेच काही लिहिलेले, आणि खाली एक मोठे रंगीत बटण. वाचायला सवड कोणाला? मास्तर नजर रस्त्यावर ठेवून बोटाने ते बटण दाबतात. चौकट जाते, नकाशा परत येतो. वर्षानुवर्षे हाच शिरस्ता. आता 'नको' म्हणण्यासाठी मोठे रंगीत बटण कोणी दिल्याचे तुम्ही पाहिले आहे का?

भांडे फोडले मास्तरांच्या बायकोने. ती दातांच्या दवाखान्यात हिशेब बघते, त्यामुळे आकड्यांतली कीड तिला लगेच दिसते. एका रविवारी सकाळी तिने बँकेचा उतारा टेबलावर पसरला.

"अहो, मन शांत करायचं हे काय घेतलंय तुम्ही?"

"मी? मला कुठे मन शांत करायचंय?"

"दर महिन्याला पैसे जातायत. आणि हे झाडाचा फोटो काढला की नाव सांगणारं. आपल्याकडे एकच झाड आहे, तेही प्लॅस्टिकचं."

"काहीतरी चूक असेल गं."

"आणि हे पोट सपाट करायचं." इथे ती थांबली आणि मास्तरांना नीट न्याहाळून म्हणाली, "याचे मात्र पैसे परत मागा."

हे सगळे मला कसे कळले ते विचारू नका. आमच्या न्हाणीघराची खिडकी त्यांच्या स्वयंपाकघरावर येते आणि आवाज वर चढतो, त्याला मी काय करणार?

तो अख्खा रविवार मास्तर फोनशी झुंजले. घ्यायला एक बटण पुरले होते, सोडायला मात्र पायऱ्यांमागून पायऱ्या. आधी पासवर्ड, जो त्यांनी कधी ठेवलाच नव्हता. मग 'का सोडताय?' म्हणून प्रश्नावली. मग रडवेल्या तोंडाचे एक अस्वल आले आणि विचारू लागले, खरंच जाताय? अस्वलाखाली मोठे रंगीत बटण होते. मास्तरांचे बोट सवयीने तिथेच पडले आणि पोट सपाट करण्याची मुदत वर्षभराने वाढली.

"गाढव आहे मी," मास्तर म्हणाले.

"अस्वलाला सांगा," बायको म्हणाली.

उताऱ्यावर एक नाव तर कशाशीच जुळेना. तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे 'होल्डिंग्ज'. फोनमध्ये त्या नावाचे काही नाही, आणि रक्कम सगळ्यांत मोठी. मास्तरांनी हुडकून त्यांचा नंबर लावला. पलीकडून बासरी वाजली. मग एका गोड आवाजाने सांगितले की तुमचा फोन आमच्यासाठी फार मोलाचा आहे, आणि पुन्हा बासरी. मास्तर जेवले, डुलकी काढून उठले, तरी बासरी चालूच होती.

"चोर आहेत साले," मास्तर म्हणाले. सोमवारी बँकेत गेले आणि कार्डच बंद करून आले. मुळावरच घाव. त्या संध्याकाळी ते जिना शीळ घालत चढले. नंतरचे काही दिवस फोनवर चौकटींचा पाऊस पडला: पैसे मिळाले नाहीत, सेवा बंद होईल, शेवटची सूचना. मास्तरांनी नजर रस्त्यावर ठेवून रंगीत बटण दाबले आणि सगळ्यांना वाटेला लावले.

मग आईचा फोन आला. मास्तरांची आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. मुलाकडे राहायला ये म्हटले की म्हणते, तुमच्याकडे सारखा कोणीतरी ब्रेक मारत असतो.

"आई, गाडीत आहे," मास्तर म्हणाले.

"माहितीये. तू गाडीतच असतोस. माझी पोरगी कुठे गेली?"

"कुठली पोरगी?"

"बटणातली."

मास्तरांनी असा ब्रेक दाबला की शिकणाऱ्या बाईंचे कपाळ स्टिअरिंगला टेकले.

पुढचे मास्तरीणबाईंनी मला जिन्यात सांगितले, हातात भाजीची पिशवी तोलत. गेल्या वर्षी आई बाथरूममध्ये घसरली, तेव्हा मास्तरांच्या बहिणीने एका कंपनीचे बटण तिच्या गळ्यात बांधायची व्यवस्था केली. पडले, दुखले, काहीही झाले की बटण दाबायचे, मग भिंतीवरच्या डबीतून मदतकेंद्रातली मुलगी बोलते. कार्ड कोणाचे? बहिणीने फोनवर विचारले तेव्हा मास्तर एकाला रिव्हर्स शिकवत होते. "हो हो, कर काय ते," म्हणाले, ओटीपीही सांगितला आणि विसरले. ते तीन अक्षरी होल्डिंग्ज म्हणजे हेच.

मास्तर धावत आईकडे गेले. आई धडधाकट होती, फक्त तोंड फिरवून बसली होती.

"अगं, तू पडली होतीस का?"

"पडेन कशाला? रोज दुपारी भांडी झाली की मी बटण दाबते. ती विचारते, आजी पडलात का? मी म्हणते, नाही गं, तू जेवलीस का?"

"रोज? आई, ते संकटासाठी आहे."

"संकटच चाललंय तिचं. सांगून आलेल्या त्या मुलाला होकार द्यायचा की नाही ते ती काल ठरवणार होती. आणि काल डबी म्हणते, सेवा बंद."

"मग मला फोन करायचा ना, गप्पा मारायच्या तर."

आईने आता कुठे तोंड इकडे केले. "तुला केला की तू म्हणतोस, गाडीत आहे. ती कधी गाडीत नसते."

मास्तरांचा पाय आईच्या फरशीवरही दाबला गेला. खाली ब्रेक नव्हता.

मग सुरू झाला उलटा वनवास. सोडायला गेले होते त्याच दारात आता आत घ्या म्हणून उभे. नवे कार्ड यायला वेळ. जुने खाते बंद, नवे काढायचे तर दर वाढलेला. त्या मुलीलाच द्या म्हटले तर केंद्राने सांगितले, असे देता येत नाही, जिची पाळी असेल ती बोलेल. पुन्हा बासरी. मास्तरांना ती इतकी पाठ झाली की भर चौकात, सिग्नलला, ते ती गुणगुणायला लागले आणि शिकणाऱ्याला वाटले मास्तर खुश आहेत.

अखेर नवे कार्ड आले तेव्हा मास्तरांनी एक गोष्ट केली, जी मी ऐकली तेव्हा हातातला कप खाली ठेवला. भर तासात गाडी कडेला लावायला सांगितली, इंजिन बंद करवले, आणि फोन हातात घेऊन होल्डिंग्जच्या अटींची ती सगळी मुंगीची अक्षरे वरपासून खालपर्यंत वाचून काढली. वाचता वाचता तीनदा शिवी दिली. मग बटण दाबले. या वेळी बघून.

सेवा सुरू झाली. दोन दिवस दुसऱ्याच मुली बोलल्या आणि आईने दोघींनाही "चुकून दाबलं" म्हणून वाटेला लावले. तिसऱ्या दिवशी काय झाले ते मास्तरांना कळेना. जीव राहीना. दुपारी त्यांनी पुन्हा गाडी कडेला लावली आणि आपणहून आईला फोन केला. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच, असे मास्तरीणबाईंचे म्हणणे. मी फक्त सांगतोय.

"आई, मी बोलतोय. गाडी उभी आहे. बोल निवांत."

पलीकडे भिंतीवरच्या डबीतून कोणीतरी हसत होते.

"आत्ता नको रे," आई म्हणाली. "पोरगी सापडलीये. होकार दिलाय तिने, आणि आता होणाऱ्या सासूचं सांगतेय."

"अगं, पण मी मुद्दाम थांबलोय."

"मग थांब. मी गाडीत आहे असं समज," आई म्हणाली, आणि फोन ठेवला.

मास्तरांनी उभ्या गाडीत ब्रेक दाबला.