गुरुवारची भाकरी

माझं मूत्रपिंड ह्यांना जुळत होतं. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्या जुळल्या, आणि आता मार्ग निघाला असं वाटत असतानाच माझ्याच रक्तातली साखर आडवी आली. डॉक्टर मॅडमनी मला वजनकाट्यावर उभं केलं, पोटाचा घेर मोजला आणि सांगितलं की साखर अगदी हद्दीवर आहे, चरबी सगळी पोटावर आहे, अशा बाईचं मूत्रपिंड काढायचं म्हणजे घरात एकाचे दोन रोगी करायचे. काही महिने थांबू, साखर खाली आली तर पुढचं बघू. आम्हाला मूलबाळ नाही. ह्यांचे दोन्ही भाऊ स्वतःच मधुमेहाचे रोगी. म्हणजे देणारी मी एकटीच होते. दुसऱ्या कुणाचं मूत्रपिंड मिळण्याची वाट पाहणारी माणसं मला डायलिसिसच्या हॉलमध्ये दिसत असत, आणि त्यातली काही मग दिसेनाशी होत. ह्यांना तसं होऊ द्यायचं नव्हतं, एवढंच मला कळत होतं.

आम्ही भोपाळला आनंद नगरात राहतो. हे मूळचे नागपूरचे, मी पुण्याची. ह्यांची सगळी नोकरी इथल्या मोठ्या कारखान्यात गेली आणि निवृत्तीनंतर परत जावं असं दोघांनाही कधी वाटलं नाही. देवाधर्माच्या बाबतीत मी बेताचीच होते. दिवाबत्ती करायची, संकष्टी धरायची, संपलं. ह्यांची मूत्रपिंडं गेली तेव्हा मात्र मी घाबरले आणि घाबरलेली बायको जे करते ते केलं. वस्तीतल्या दत्ताच्या देवळात उभी राहून सांगितलं, हे बरे होईपर्यंत गुरुवार करीन. ह्यांची तब्येत आणखी बिघडली तेव्हा सोमवार धरला. मग दोन्ही एकादश्या, प्रदोष, शनिवार. आठवड्यात साधं जेवण जेवायचे दिवस शोधावे लागत होते.

उपवास म्हणजे उपाशी राहणं, असं जे समजतात त्यांनी आमच्या घरचा उपवास पाहिलेला नाही. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, संध्याकाळी रताळ्याचे गोड काप, मध्ये शेंगदाण्याचा लाडू, आणि चहा तर उपवासाला चालतोच, तोही जरा जास्त साखरेचा, कारण अंगात त्राण हवं. साबुदाण्याचा डबा रिकामा म्हणून कधी झाला नाही. तिकडे ह्यांचं पथ्य अगदी उलटं. बटाटा नको, टोमॅटो नको, मीठ चिमूटभर, पाणीसुद्धा मोजून. एकाच घरात दोन स्वयंपाक आणि दोन वेगळ्या वेळा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एका भांड्यातली भाजी दोघांनी वाढून घेणं बंद झालं होतं.

बिगर उपवासाच्या दिवशीही माझं काही खरं नव्हतं. डायलिसिससाठी ह्यांना सुया लावून खाटेवर निजवलं की मला बाहेर बसायला सांगत. समोरच पोहे-जलेबीचा ठेला. भूक नसायची, पण हात पुढे व्हायचा. जलेबी खाल्ली की अर्धा तास बरं वाटे, आणि मग पुन्हा काहीतरी खावंसं वाटे, आधीपेक्षा जास्त. झोप तर उडालीच होती. शेजारच्या मिश्रा भाभींनी एकदा जिन्यात थांबवून म्हटलं, "दीदी, व्रत से तो लोग सूख जाते हैं, आप तो फूल रही हो!" मला त्यांचा राग आला. घरी येऊन मी एक लाडू खाल्ला.

डॉक्टर मॅडमनी त्या दिवशी मला हे सगळं समजावून सांगितलं. तरुण होत्या, पण घाई नव्हती. म्हणाल्या, माणूस घाबरला की शरीर समजतं आता पळायचं आहे, आणि ताणाचं संप्रेरक सोडून यकृतातली साखर रक्तात ओततं. तुम्ही पळत नाही, बाकावर बसून राहता. ती साखर आवरायला इन्सुलिन धावतं. भीती रोजचीच झाली की पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, मग शरीर ते आणखी सोडतं, आणि इन्सुलिन चढलेलं असलं की चरबी साठत जाते, वितळत नाही. त्यात हेच ताणाचं संप्रेरक भूक वाढवतं, आणि मागणी असते ती गोडाची, पिठूळ पदार्थांची. झोप कमी असली की आणखीच. मग त्यांनी मी काय खाते ते विचारलं. मी जरा अभिमानानेच उपवासांचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "आंटीजी, साबूदाना तो सीधा शक्कर ही है. ये व्रत बंद कीजिए. टाइम पे रोटी-सब्ज़ी-दाल खाइए, चलिए, सोइए."

त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. पण नवस बोलून चुकले होते, 'बरे होईपर्यंत' असं स्वच्छ शब्दांत. उपवास सोडला आणि ह्यांना काही झालं तर? आणि नाही सोडला तर साखर उतरणार नव्हती आणि मूत्रपिंड देता येणार नव्हतं. ज्याच्यासाठी उपवास, तेच उपवासामुळे अडलं होतं. हे मला कळत असूनही मी पुढचे काही आठवडे साबुदाणा भिजवतच राहिले. घाबरलेल्या माणसाला शहाणपण सांगून उपयोग नसतो, हे मी स्वतःवरून सांगते.

मग एक गुरुवार आला. दुपारची वेळ होती, देवळात पुजारी नव्हते, आरती होऊन गेली होती. मी प्रदक्षिणा घालून ओट्यावर बसले होते. एक बाई आत आली. उंच, काळीसावळी, पायात रबरी चपला, हातात स्टीलचा डबा. आमच्या वस्तीतली नव्हती. डबा तिने दत्तापुढे उघडून ठेवला, डोळे मिटले, पाणी फिरवलं, आणि थेट माझ्यासमोर येऊन बसली. ज्वारीची भाकरी आणि घेवड्याची भाजी. अर्धी भाकरी मोडून तिने माझ्या हातावर ठेवली.

मी म्हटलं, "माझा उपवास आहे."

"काहून वो ताई, प्रसादाला नाही म्हणता का?" ती म्हणाली. "उपास त्याचाच, भाकर बी त्याचीच. मंग भांडण कुठं आहे?"

प्रसादाला नाही म्हणू नये, हे मला लहानपणापासून शिकवलेलं होतं. तरी मी तशीच बसून राहिले. तिने विचारलं, किती दिवसांचा उपवास? मी सांगितलं, नवरा बरा होईपर्यंत. का कोण जाणे, बाकीचंही सांगून टाकलं, साखरेचं, मूत्रपिंडाचं, सगळं. ती भाजी चिवडत ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे तुम्ही त्याच्या दारात धरणं देऊन बसल्या. बसा. पण त्याला बाहेर यायला वाट तं ठेवा."

मी भाकरी खाल्ली. रडतच खाल्ली, हेही सांगायला हरकत नाही. इतक्या दिवसांत तोंडाला चव अशी पहिल्यांदाच लागली. तिने डबा धुतला, रायसेनकडे जाणारी बस कुठे मिळते ते विचारलं आणि गेली. नाव विचारायचं मला सुचलं नाही. घरी आले आणि ह्यांच्या शेजारी आडवी झाले ती तिन्हीसांजेला उठले. हे दिवा लावून बसले होते.

मला ह्यात चमत्कार आहे असं म्हणायचं नाही. कुणा बाईला देवळात एकटीने जेवणं बरं वाटलं नसेल, एवढंच असेल. डॉक्टर मॅडमनी आणि तिने एकच गोष्ट सांगितली, फक्त तिच्या हातात भाकरी होती आणि ती देवापुढून उचललेली होती. मला ती तिथून मिळायला हवी होती.

आपल्याकडे व्रत नुसतं सोडता येत नाही, त्याचं उद्यापन करावं लागतं, आणि ते करायचं व्रत पुरं झाल्यावर, काम झाल्यावर. मी पुढच्याच गुरुवारी केलं. मिश्रा भाभींना आणि त्यांच्या यजमानांना जेवायला बोलावलं, दत्ताला नैवेद्य दाखवला आणि सगळे उपवास त्याच्या पायाशी ठेवून मोकळी झाले. हे खुर्चीत बसून पाहत होते. म्हणाले, "काम व्हायच्या आधीच उद्यापन?"

"काम त्याचं आहे," मी म्हटलं. "माझं झालं."

असं म्हणून मी पानं वाढायला घेतली.

त्यानंतर मी डॉक्टर मॅडमनी सांगितलं तसं वागले. वेळेवर भाकरी, भाजी, वरण. सकाळी कॉलनीत चालायला जायचं. ठेल्याकडे पाठ करून बसायचं. जलेबीची आठवण यायची, नाही असं नाही, पण ती पूर्वीसारखी मानगुटीवर बसत नसे. झोप लागू लागली. वजन हळूहळू उतरलं, कमरेचा परकर सैल झाला, आणि एके दिवशी डॉक्टर मॅडमनी कागद पाहून तो माझ्यापुढे सरकवला आणि नुसत्या हसल्या. त्या पावसाळ्यात माझं एक मूत्रपिंड ह्यांच्याकडे गेलं.

आता गंमत अशी की नवं मूत्रपिंड टिकावं म्हणून ह्यांना स्टेरॉइडच्या गोळ्या आहेत, आणि ते औषध म्हणजे त्या ताणाच्या संप्रेरकाचंच भावंड. ह्यांना भूक आवरत नाही. चेहरा पुरणपोळीसारखा गोल झाला आहे. तासातासाला स्वयंपाकघरात डोकावतात आणि मी डबे वरच्या फळीवर ठेवते. ओरडत मात्र नाही. ती भूक कशी असते ते मला माहीत आहे.

त्या बाईला मी पुन्हा पाहिलं नाही. दर गुरुवारी डबा घेऊन देवळात जाते, जो कुणी ओट्यावर बसलेला असेल त्याला अर्धी भाकरी देते. दत्ताकडे मागत काही नाही. औषधं चालूच आहेत, तपासण्या चालूच आहेत, पुढे काय व्हायचं ते त्याला ठाऊक. हात जोडते आणि लगबगीने घरी येते, कारण दोन ताटं मांडून हे माझी वाट पाहत असतात, आणि घेवड्याची भाजी आता आम्ही एकाच भांड्यातून वाढून घेतो.