खाली वाढणारी चौकट

शाळेच्या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांचा तक्ता मी संगणकावर जुळवत होतो. ‘सध्या काय करता’ या रकान्यात कुसुमताईंनी बरंच लिहून पाठवलं होतं: अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, शिवणकाम, वेळ मिळाला तर पेटी वाजवणं. तो मजकूर काही केल्या पुढच्या ओळीवर वळेना. शेजारची चौकट ओलांडून थेट कागदाबाहेर गेला. मी त्यांना फोन केला.

“नुसतं गृहिणी लिहा, बसेल,” त्या सहज म्हणाल्या.

मला ते सहज बोलणंच झोंबलं. मी हट्टाने रकान्याची रुंदी बांधून देणारी सूचना संगणकाला दिली. ओळी वळल्या, चौकट वाढली, पण फक्त खाली. बाजूच्या रेषा जागच्या हलल्या नाहीत. पेटी सगळ्यात शेवटी, तळाच्या रेषेला टेकून बसली.